समासातला शेरा

वाचनालयातून आणलेली ऐतिहासिक प्रेमकादंबरी मी दोन दिवस अधाशासारखी वाचत होते. नायिका पाथरवटाची मुलगी, नायक हबशी घोडेस्वार, आणि त्यांचे निरोप पोचवणारी तांबोळीण तर इतकी फटकळ, की मी एकटीच हसत सुटले. मग एका पानावर नायिका त्याच्यासाठी गजरा माळते, आणि तिथंच समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘असल्या लोकांत कसलं आलंय प्रेम!’

माझं डोकंच फिरलं. माझे आजोबा पाथरवट होते. आजी भाकरी घेऊन आली की लांबूनच तिला बघून ते हातोडा थांबवायचे. कपची उडून तिच्या डोळ्यात जाईल म्हणून. याला काय म्हणायचं मग? किल्ले आम्ही बांधायचे, आणि जीव लावायचा तो फक्त सरदारांनी?

तशीच पुस्तक घेऊन वाचनालयात गेले आणि ते पान दाखवलं. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “अगं, कशाला मनावर घेतेस? आण, खोडून टाकते.”

“नको बाई. असू दे, त्याला उत्तर मिळू दे.”

मी त्याच्याखाली पेननं लिहिलं: ‘मी पाथरवटाची नात, घरातली पहिली बी. ए. आजोबांचं आजीवर प्रेम होतं. शंका असेल तर रोज संध्याकाळी मी याच वाचनालयात वाचत बसते.’