शिफ्ट संपायच्या आत

मशिनमध्ये तुमचं बोट सापडलं तर आधी काय कराल? बोंब माराल, हात धरून बसाल, की मोबाइल काढून एकामागून एक पाच स्क्रीन भराल? हसू नका. चाकणच्या एका कारखान्यापुरतं हे उत्तर ठरवायचं काम थेरगावच्या एका पोरीकडे होतं, आणि तिनं ते मन लावून केलं.

तिचं नाव वर्षाली. वडील भोसरीत टर्नर, आई डांगे चौकाजवळ ब्लाउज शिवते. पोरीनं डिप्लोमा केला, बाकीचं व्हिडिओ बघून शिकली आणि चिंचवडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. तिचं काम यूझर फ्लो काढायचं. म्हणजे अ‍ॅप उघडल्यापासून काम होईपर्यंत माणूस कुठून कुठे जाईल, कुठे अडेल, कुठे वैतागेल, त्याचा नकाशा. तिथं सगळं काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत चालायचं. तुकड्याला म्हणायचं स्प्रिंट. दर दुसऱ्या शुक्रवारी गिऱ्हाइकाला झालेलं काम दाखवायचं, टाळ्या घ्यायच्या, सोमवारी पुढचा तुकडा.

गिऱ्हाईक होते दादासाहेब. कारखान्यांना कंत्राटी माणसं पुरवणारे, मूळचे चाकणच्याच गावठाणातले. हजेरी, रजा, अपघात, सगळं त्यांना अ‍ॅपवर हवं होतं. अपघाताला अट एकच: इजा झाली तर कामगारानं शिफ्ट संपायच्या आत स्वतःच्या फोनवरून कळवायचं. "मागनं कुनी घरी पडंल आन् आमच्या नावावं लिवंल, ते न्हाई चालायचं," असं त्यांनी पहिल्याच बैठकीत बजावलं होतं.

वर्षालीनं भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या लावून नकाशा मांडला. अकरा स्क्रीनचे घासून पाच केले. लिहायला लागू नये म्हणून माणसाचं चित्र टाकलं, दुखतंय तिथं दाबायचं की झालं. मग चाचणी घ्यायला स्वतः चाकणला गेली. एसीत बसणाऱ्यांपैकी कोण जातं हो? ती गेली. दोन दिवस गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसली आणि चाचणीपुरती वेळेची अट बंद ठेवून शिफ्ट सुटून येणाऱ्यांना त्यांच्याच फोनवर अ‍ॅप चालवायला लावलं. नऊ जणांनी मिनिटाच्या आत तक्रार नोंदवली. त्यात परभणीकडच्या यशोदाबाई होत्या, प्रेस मशिनवर काम करणाऱ्या. त्यांनी सगळ्यांच्या आधी काम उरकलं, वर्षालीचा नंबर घेतला आणि अर्धा वडापाव तिच्या हातावर ठेवला. "का गं पोरी, घरी कुणी खाऊ घालत न्हाई का तुला?"

शुक्रवारी टाळ्या पडल्या. कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर हे ठरवणारा तिचा साहेब रणजीत, त्यानं सगळ्यांपुढे तिची पाठ थोपटली.

चूक तिला तीन महिन्यांनी कळली. कारखान्यात आत जायचा पास मिळाला, तर गेटवर सिक्युरिटीवाल्यानं हात पुढे केला. फोन. तिच्या फोनच्या बदल्यात एक टोकन मिळालं आणि फोन गेला खणात. भिंतभर तसेच खण, प्रत्येकात एकेक फोन. आत कॅमेरा चालत नाही, त्यामुळे शिफ्टभर एकाही कामगाराकडे फोन नसतो. चाकणात हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. चिंचवडच्या चौथ्या मजल्यावर कुणाला ठाऊक नव्हतं, आणि वर्षालीनं चाचणी घेतली ती फोन परत हातात आल्यावर. तक्रार चालते तेव्हा फोन नाही. फोन येतो तेव्हा वेळ गेलेली.

परत येऊन तिनं नकाशाला नवी वाट काढली. शिफ्ट सुटल्यावर आणखी चोवीस तास मुदत द्यायची. एवढंच. रणजीत नाही म्हणाला नाही. अशा कंपन्यांत नाही कुणी म्हणतच नाही, 'नंतर करायच्या' यादीत टाकतात. आधी पगाराची स्लिप, मग दादासाहेबांना हवा तसा भगवा रंग. चिठ्ठी स्प्रिंटमागून स्प्रिंट खाली सरकत गेली. एकदा ती चिडलीच.

"कुणाचा तरी हात जाईल, रणजीत."

"जाईल ना? गेलाय का? एक तरी तक्रार आलीय का?"

"तक्रारीची वाटच बंद आहे. येईल कुठून?"

"भारी बोलतेस. ठेव यादीत."

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारच्या शिफ्टला यशोदाबाईंचं उजव्या हाताचं पहिलं बोट पेरापर्यंत प्रेसखाली गेलं. पट्टी बांधून बाहेर येईतो शिफ्ट संपली होती. फोन मिळाल्यावर त्यांनी डाव्या हातानं अ‍ॅप उघडलं, चित्रातल्या हातावर दाबलं. चार स्क्रीन गेले. पाचव्यावर आलं: वेळ संपली आहे, रजेसाठी अर्ज करा. खाली एकच बटण. रजेची कारणं तीनच: आजारपण, लग्नकार्य, घरगुती. आजारी तर त्या नव्हत्या. लग्न कुणाचं नव्हतं. त्यांनी 'घरगुती' दाबलं.

दुसऱ्या दिवसापासून दादासाहेबांची माणसं तोच अर्ज दाखवत फिरू लागली. बाईचं बोट घरी गेलं, तिनंच लिहून दिलंय. यशोदाबाईंनी वर्षालीला फोन केला. रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, "पोरी, मी कुठं चुकीचं दाबलं गं?"

वर्षालीनं ऑफिसात आरडाओरडा केला. रणजीतनं ऐकून घेतलं, असा प्रकार क्वचितच होतो म्हणाला, आणि काम दिलं: पाचव्या स्क्रीनची भाषा जरा मवाळ कर. तिनं केली. 'क्षमस्व, वेळ संपली आहे. काळजी घ्या.' शुक्रवारी त्या वाक्याला टाळ्या पडल्या. राजीनामा का दिला नाही, असं विचारणाऱ्यांनी आधी स्वतःचा द्यावा. वडिलांना भोसरीतल्या कामावरून त्याच महिन्यात कमी केलं होतं. ती अजून तिथंच आहे, अजून नकाशे काढते. आता ते चांगले झाले तरी तिचा त्यांच्यावर विश्वास नाही.

यशोदाबाई भरपाई मागायला सरकारी कामगार ऑफिसात गेल्या, तर तिथला साहेब म्हणाला, अर्ज बाईंच्याच फोनवरून गेलाय, तो खोटा ठरवायला त्या शिफ्टचे दोन साक्षीदार लेखी आणा. शेजारच्या मशिनवरच्या दोघींना तोवर दुसऱ्या कारखान्यात हलवलं होतं. पूर्ण नावं कुणालाच माहीत नाहीत. कंत्राटात माणसं एकमेकांना मशिनच्या नंबरानं ओळखतात.

त्या दुपारी प्रेसच्या त्या ओळीत तुम्ही उभे असाल, किंवा तुमच्या खोलीवरचं कुणी असेल, तर मेदनकरवाडीत यशोदाबाईंच्या घरी जा. जे पाहिलंत ते कागदावर लिहा आणि खाली तुमचं पूर्ण नाव टाका.