पिठाच्या पिशवीखालची धून

१४ मार्च २०१५ रोजी मी गहाणवटीच्या दुकानातून एकशे पंच्याऐंशी डॉलर पन्नास सेंटला एक जुना बँजो घेतला. तोंडावरचं कातडं नवं घातलंय, असं दुकानदार म्हणाला. खिडकीशी नेऊन पाहिलं तर कडेला चहाच्या रंगाचा डाग होता. त्या डागाचे मी दहा डॉलर कमी करून घेतले. वरची रक्कम कमी केल्यानंतरची आहे.

मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होतो. ब्ल्यू रिज डोंगराच्या आमच्या बाजूला गुरांचं खाद्य आणि बियाणं विकणारं सहकारी दुकान आहे. तिथे मी एकतीस वर्षं हिशेब लिहीत होतो आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. माझे आजोबा बँजो क्लॉहॅमर पद्धतीने वाजवत. खिळे उपटायच्या हातोडीचा मागचा फाटा असतो तसा पंजा वाकवायचा आणि नखाने तारेवर वरून खाली मारायचं. वडील ते शिकले नाहीत, मीही शिकलो नाही. बँजो घरी आणला तेव्हा बायको, लीटा, म्हणाली, "गुडघ्याच्या डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते ना तुझ्याकडे?" ते खरं होतं.

आमच्या भागात त्या जुन्या पद्धतीने नीट वाजवणारं एकच माणूस उरलं होतं, ऑर्फा शुमेट. सगळे त्यांना मिस ऑर्फा म्हणत. वय एक्याऐंशी. एकोणतीस वर्षं त्यांनी मोज्यांच्या गिरणीत मोज्यांचे चवडे शिवले होते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ओढ्याच्या वरच्या अंगाला त्या एकट्या राहत. शिकवणीला आलेल्या तिघांना त्यांनी ओसरीवरूनच परत पाठवलं होतं, हे मला ठाऊक होतं.

त्यांनी जाळीचं दार उघडलं नाही. जाळीतूनच विचारलं, "कोणी पाठवलं तुला?"

"कोणी नाही, मिस ऑर्फा. मी लॉयड, दुकानातला."

"ते दिसतंय. सत्याण्णव साली माझ्या बिलात कोंबड्यांच्या खाद्याचं एक पोतं जास्त लावलं होतंस."

"ते दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलं होतं."

"मी सांगितल्यावर."

मग त्या बाहेर आल्या आणि मला खिसे रिकामे करायला लावले. फोन ओसरीवरच्या चरबीच्या रिकाम्या डब्यात गेला. डब्यावर झाकण बसलं. शर्टाच्या खिशातलं पेनही त्यांनी काढून घेतलं.

"पेन कशाला हवं तुला?"

"मी हिशेबनीस आहे."

"म्हणूनच," असं म्हणत त्यांनी पेन डब्यात टाकलं.

या झडतीचं कारण मला हळूहळू कळलं. १९७४ च्या उन्हाळ्यात शहरातून एक माणूस टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. तीन ताटं घेवडा खाऊन त्याने त्यांच्या वडिलांच्या दोन धुनी टेप केल्या. दोन वर्षांनी त्याच धुनी त्या माणसाच्या नावावर तबकडीवर आल्या. वडिलांनी त्या न्हाव्याच्या दुकानातल्या रेडिओवर ऐकल्या आणि अर्ध्या दाढीनिशी उठून घरी आले. प्रत्येक धुनीला तारा वेगळ्या जुळवाव्या लागतात. जुळणी समजली की अर्धी धून समजते. तेव्हापासून वडील बँजोच्या खुंट्यांवर पिठाची रिकामी पिशवी घालूनच तारा जुळवत. त्यांची एक धून मात्र टेप व्हायची राहिली होती, 'विधवा प्रुइटचं फाटक'. ती मिस ऑर्फांना येत होती, आणि बहुधा त्यांच्या भावाला. पण भाऊ ऑटिस टेनेसीत होता. १९८६ साली आई गेली, तेव्हा आईच्या घड्याळावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं.

तीच पिशवी आता मिस ऑर्फांच्या बँजोवर होती. चार वेळा शिवलेली, निळ्या फुलांची.

पहिला महिना मी एकच गोष्ट केली. नख खाली, पुन्हा नख खाली, मग अंगठा, वरच्या आखूड पाचव्या तारेवर. ढुम, टक-टण. ढुम, टक-टण. मिस ऑर्फा शेजारी बसून शेंगा सोलत आणि मान वर न करता बोलत.

"अंगठा उशिरा येतोय."

"वेळेवर येतोय असं मला वाटतं."

"तुला वाटतं. आखूड तारेवर अंगठ्याने आधीच जाऊन बसायचं असतं. बोटं राबतात, अंगठा फक्त जागेवरून उठतो. तुमच्या मॅनेजरसारखा."

मे महिन्यात मधल्या बोटाचं नख तुटलं. औषधांच्या दुकानात जाऊन मी बायकांच्या खोट्या नखांची डबी घेतली. गल्ल्यावरच्या मुलीने डबीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. मी म्हणालो, "एकच लागतं." त्याने तिचा संशय कमी झाला नाही.

जुलैत मिस ऑर्फांचा स्वतःचा अंगठा बोलू लागला. सांध्यात हाडावर हाड घासत होतं. शस्त्रक्रिया नऊ ऑक्टोबरला ठरली. नंतर बुटाची नाडी बांधता येईल, बँजोचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या आठवड्यात त्यांनी मला तीन वेळा विचारलं, मी दुकानात कोणाकोणाजवळ बसतो. चौथ्या वेळी म्हणाल्या, "खुर्ची जवळ घे. 'फाटक' शिकवते. लिहायचं नाही, टेप करायचं नाही, घराबाहेर वाजवायचं नाही. मी गेल्यावर वाजव, मग मी काही करू शकत नाही."

धून दोन भागांची होती. पहिला भाग दोन आठवड्यांत बसला. दुसऱ्या भागात शेवटाच्या अलीकडे एक जागा होती, तिथे तिसरी तार दांडीवरच्या दुसऱ्या पडद्यावर दाबायची. बोट तिथे जायचं, पण कानाला ते खपायचं नाही. चुकीच्या बेरजेखाली रेघ मारल्यासारखं वाटायचं.

"ही जागा अशीच आहे ना?"

"माझ्या बापापेक्षा तुला जास्त कळतं का?"

पुन्हा विचारलं नाही. पण ऑगस्टच्या शेवटी मी गाडी खाली ओढ्याशी लावून चालत आलो, तेव्हा त्या एकट्याच वाजवत होत्या. त्या जागेवर तार दाबलेली नव्हती, मोकळी होती. मी थांबून पुन्हा ऐकलं. पुन्हा मोकळीच. मग तिसऱ्या पायरीची फळी कुरकुरली आणि वाजवणं थांबलं. पिशवी खुंट्यांवर आली. त्यानंतर मी रोजच गाडी ओढ्याशी लावू लागलो. त्या मला फसवत होत्या, एवढं कळलं होतं. कशासाठी, ते कळत नव्हतं.

एकोणीस सप्टेंबरला, शनिवारी दुपारी, आगीच्या बंबाच्या शेडमध्ये दरमहाचं वाजवणं होतं. बंब बाहेर काढायचा, आत खुर्च्या मांडायच्या, दाराशी बरणी ठेवायची. ताटाला सहा डॉलर. माझं पाकीट गाडीत राहिलं होतं, म्हणून माझेही सहा मिस ऑर्फांनी बरणीत टाकले. आम्ही घेवडा आणि मक्याचा पाव घेऊन बसलो होतो. एवढ्यात टेनेसीहून आलेल्या एका दाढीवाल्या तरुणाने बँजो मांडीवर घेतला आणि 'विधवा प्रुइटचं फाटक' सुरू केलं.

मिस ऑर्फांचा चमचा ताटात पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांत गल्ल्यात पैसे कमी भरल्यावर मी अनेकांकडे पाहिलं होतं. माझ्याकडे तसं कोणी प्रथमच पाहिलं.

"मी नाही," मी म्हणालो.

"गप्प बस. ऐकू दे."

त्यांनी खुर्ची वळवली, वाजवणाऱ्याकडे पाठ केली आणि डावा कान त्याच्या बाजूला धरला. पहिला भाग झाला. दुसरा भाग सुरू झाला तेव्हा त्यांनी माझं मनगट पकडलं. ती जागा आली. त्याची तार मोकळी वाजली. धून फिरून आली, पुन्हा मोकळी. त्यांनी माझं मनगट सोडलं. त्यावर चार बोटांचे वळ होते.

"तू नाहीस," त्या म्हणाल्या. "जेव आता."

धून संपल्यावर त्यांनी तरुणाला बोलावून विचारलं, ही कुठे मिळाली.

"आमच्याकडच्या वृद्धाश्रमात एक म्हातारे आहेत, मावशी. ऑटिस नावाचे. समोर बसेल त्याला शिकवतात."

"पैसे घेतात?"

"नाही."

"मग काय घेतात?"

"काहीच नाही. येताना आणलेला तंबाखू, तेवढाच. म्हणतात, माझा हात असातसाच, बहिणीचा ऐकायला हवा."

"असं म्हणणारच तो," मिस ऑर्फा म्हणाल्या.

मी त्यांना गाडीतून परत घेऊन निघालो. ज्या धुनीवर त्यांनी चाळीस वर्षं पिशवी घातली, ती डोंगरापलीकडे तंबाखूच्या पुडीवर वाटली जात होती.

वळणावर त्या म्हणाल्या, "तुला दुसऱ्या भागातला एक सूर खोटा दिला होता. तोच सूर आणखी कोणाकडे ऐकला असता, तर तुझ्याकडून गेला हे कळलं असतं."

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून. पायरीवर यायच्या आधी ऐकू यायचं."

"म्हणजे चोरून ऐकत होतास."

"तुम्ही चोरून खोटं शिकवत होतात."

 घरी उतरताना त्या म्हणाल्या, "उद्यापासून गाडी वर आण."

पुढचे तीन आठवडे त्यांनी मला खरा सूर शिकवला. पण हाताने आधी शिकलेलं सुटत नाही. पाचातून तीन वेळा बोट दुसऱ्या पडद्यावर जाऊन बसायचंच. आठ ऑक्टोबरला, रुग्णालयात जायच्या आदल्या दिवशी, त्यांनी धून शेवटची वाजवली, खुंट्यांवर पिशवी न घालता. फोनचा डबा मात्र बंदच होता. दुसऱ्या दिवशीची शस्त्रक्रिया ठीक झाली. अंगठा वाकतो, पण आखूड तारेवर टिकत नाही.

जानेवारीत त्यांनी मला बोलावलं.

"टेनेसीला जा. ऑटिससमोर 'फाटक' वाजव. खोटा सूर घालून."

"खोटा का?"

"त्याच्या लक्षात खरी धून आहे की त्या पोराने नीट करून घेतली, ते बघायचंय. कपाळाला आठी पडते का बघ."

"स्वतः या माझ्याबरोबर."

"मला बर्फात गाडीतून जायचं नाही."

बर्फ नव्हतं. तरी मी एकटाच गेलो, तंबाखूची पुडी घेऊन. ऑटिस चाकाच्या खुर्चीत होते, पायांवर घोंगडी. मी नाव सांगितलं, कोणी पाठवलं ते सांगितलं नाही. वाजवायला बसलो. दुसऱ्या भागात ती जागा आली, मी तार दाबली. आठी पडली नाही. ते हसू लागले, मग खोकू लागले. नर्स पाणी घेऊन आली.

"ऑर्फाने पाठवलंय तुला," ते म्हणाले. "हे तिचंच काम. मला दहाव्या वर्षी एका धुनीत असाच एक सूर दिला होता. सोडवायला दोन वर्षं लागली. पिशवी आहे का अजून?"

"आहे. निळ्या फुलांची."

"बरी आहे ना ती?"

"अंगठ्याची शस्त्रक्रिया झाली. वाजवत नाहीत आता."

 त्यांनी बँजो मागून घेतला आणि ती जागा मला मोकळ्या तारेवर वाजवून दाखवली, तीन वेळा, सावकाश, अगदी मिस ऑर्फांसारखी.

त्याच संध्याकाळी मी वर गेलो. मिस ऑर्फा जाळीच्या दाराशीच उभ्या होत्या.

"आठी पडली?"

"हसले. तुम्ही पाठवलंय हे लगेच ओळखलं."

"म्हणजे लक्षात आहे." मग त्यांनी विचारलं, "फळीवर घड्याळ होतं का, आईचं?"

"होतं."

"चालू?"

"बंद."

"असणारच," त्या म्हणाल्या. "किल्ली माझ्याकडे आहे."

मार्चमध्ये, थंडी ओसरल्यावर, त्यांनी मला दोन आसनांवर उशा ठेवायला सांगितल्या. एक त्यांच्यासाठी, एक बँजोसाठी. पर्स त्यांनी वाटभर घट्ट मांडीवर धरली होती. पिशवी घरीच राहिली होती. वृद्धाश्रमात ऑटिसनी वाजवलं आणि मी वाजवलं. मिस ऑर्फा मधे बसून माझ्या बोटाकडे पाहत होत्या. पाचातून चार वेळा तार मोकळी आली. निघताना त्यांनी पर्समधून किल्ली काढून घड्याळाला दिली, काटे स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळवले आणि किल्ली पुन्हा पर्समध्ये टाकली.

"आठ दिवसांनी बंद पडेल," त्या ऑटिसना म्हणाल्या. "तेव्हा येईन."

बंबाच्या शेडमधल्या माझ्या ताटाचे सहा डॉलर मी त्यांना अजून दिलेले नाहीत.