दातवाल्या बाई आणि टेलर

दुकान सायकलचं, पण मालकांना सगळे टेलर म्हणतात. पूर्वी याच गाळ्यात ते कोट शिवायचे. मग एके वर्षी कात्री ठेवली आणि पाना उचलला. का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "कंटाळा आला हो कापडाचा." पान्यांच्या शेजारी शिंप्याचा खडू मात्र अजून असतो, आणि गिऱ्हाईक आत आलं की ते आधी त्याच्या खांद्यांकडे बघतात, सायकलकडे नंतर.

मी कवळ्या बनवते. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात आणि मी मेणात एकेक दात बसवते. हे काम डोळ्यांपेक्षा बोटांचं जास्त. दातांच्या या कामावरून टेलर मला 'दातवाल्या बाई' म्हणतात. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला राग आला होता. तसा तो माझ्या नाकावरच असतो.

बावन्नाव्या वर्षी मला ट्रायथलॉनचं खूळ लागलं. आधी तळ्यात पोहायचं, मग चाळीस किलोमीटर सायकल, मग दहा किलोमीटर पळायचं. हेही वर्षातून एकदा, फार तर दोनदा. नवरा म्हणतो, "बाकीचे दिवस तरी माणसासारखी वाग." एवढ्यासाठी शर्यतीची वेगळी सायकल कोण घेणार? माझ्याकडे एअरो रोड बाइक होती, चपट्या नळ्यांची, वारा कापत जाणारी. टेलर म्हणाले, "हिलाच दोन पोशाख करू. एरवी मैत्रिणींबरोबर चढावर न्या, आणि शर्यत आली की पोशाख बदला." शर्यतीचा पोशाख म्हणजे हँडलवर पुढे आलेले दोन दांडे, कोपरं टेकायला दोन गाद्या, आणि सीट जराशी पुढे, जराशी वर. सीटच्या नळीवर त्यांनी खडूने दोन खुणा केल्या, पांढरी रोजची आणि निळी शर्यतीची, आणि वरून चिकटपट्टी लावली.

मग सायकल स्टँडवर अडकवून मला तिच्यावर बसवलं.

"मान दुखतेय?"

"छे!"

"कोपराला टोचतंय?"

"अजिबात नाही."

टोचत होतं. पण समोरच्या आरशात मी अशी काही झपाट्याची दिसत होते की वाटलं, होईल सवय! टेलरनी टेप लावून खांद्यापासून कोपरापर्यंत माप घेतलं, दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि म्हणाले, "अंगाबरोबर बसली."

शर्यतीत विसाव्या किलोमीटरला माझ्या दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि शेजारची बोटं बधिर झाली. मी काय, दात-ओठ खाऊन शर्यत पुरी केली आणि घरी मिरवले. पण बोटांतली जाणीव परत येईना. चौथ्या दिवशी एका आजोबांची तयार कवळी माझ्या हातातून सुटली आणि तिचे दोन तुकडे झाले. ते बिचारे तिकडे दवाखान्यात वाट बघत बसले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हाडांच्या डॉक्टरांनी हात तपासले. म्हणाले, "कोपरातली नस दबलीय. या खेपेला बरं होईल. पुन्हा असंच केलंत तर बोटं परत येतील याची खात्री मी देणार नाही."

बोटं गेली तर माझं उरलंच काय? शर्यत सोडायची, एवढंच मला सुचत होतं. मी तशीच दुकानात गेले आणि टेलरवर बरसले. "काढा हे तुमचे दांडे! नाहीतर सायकलच विकून टाका!"

वाटलं, आता भांडतील. पण नस, बोटं ऐकल्यावर त्यांचा चेहराच उतरला. स्टूल ओढून बसले.

"चूक माझी आहे, बाई. टेप लावली की माणूस पोट आत घेतो. सगळेच घेतात. म्हणून मी आधी गप्पा मारायचो, त्याचा श्वास सुटू द्यायचो आणि मग माप घ्यायचो. इतकी वर्षं तेच केलं. आणि सायकलवर मात्र तुमच्या 'छे'वर विश्वास ठेवला."

मी जीभ चावली. पोट तर मीच आत घेतलं होतं.

"एक संधी द्या," ते म्हणाले. "बोटं पूर्ण बरी झाली की एक दिवस पोहून थेट इकडे या. दमलेल्या या. केस पुसायलासुद्धा थांबू नका."

दोन महिन्यांनी गेले, ओल्या केसांनी, खांदे गळालेले. मला सायकलवर बसवून ते समोर स्टुलावर बसले आणि नुसती बडबड सुरू केली. नवरा घोरतो का? वरचे दात अवघड की खालचे? मला वाटलं, हा माणूस वेळ घालवतोय. पाऊण तास पायडल मारत मी नवऱ्याच्या तक्रारी सांगत राहिले आणि कशी बसलेय ते पार विसरले. तेवढ्यात ते ओरडले, "बस्स! आता हलू नका. आत्ता तुम्ही खऱ्या बसलात."

खांदे कानापर्यंत चढले होते आणि कोपराचं हाड गादीच्या कडेवर आलं होतं. त्यांनी गाद्या वर उचलल्या, थोड्या रुंद केल्या आणि इतक्या पुढे घेतल्या की भार कोपरावरून हाताच्या मांसावर आला.

"अहो, एवढी उंच? मी उभ्या कपाटासारखी दिसतेय!"

"दिसू दे."

शेवटचा स्क्रू आवळताना हँडलच्या पांढऱ्या पट्टीवर लाल थेंब पडला. मग दुसरा. दांड्याच्या धारदार कडेने त्यांचं बोट चांगलंच कापलं होतं, आणि टेलर आपले स्क्रू आवळतच होते.

"अहो, रक्त!"

त्यांनी बोटाकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे. मग चिंधी गुंडाळत हळूच म्हणाले, "कापडाचा कंटाळा कसला येतोय? वर्षानुवर्षं दाबून कात्रीने नस खाल्ली. या उजव्या हाताला अंगठा सोडला तर काही कळत नाही. दोन वर्षं कुणाला बोललो नाही, बायकोलासुद्धा नाही. लाज वाटायची. सुई बोटात शिरायची आणि कापडावर लाल दिसलं की मला समजायचं. वेळेवर सांगितलं असतं तर..." चिंधीची गाठ दातांनी आवळली. आणि म्हणाले, "मुंग्या आल्या की गाद्यांवरून उठून ताठ बसायचं. तिथल्या तिथे. शर्यत गेली चुलीत."

पुढच्या शर्यतीत अठ्ठावीस किलोमीटरपर्यंत बोटं ठणठणीत होती. मग समोरून वारा सुरू झाला, मी आणखी खाली दबले, आणि डाव्या करंगळीत मुंग्या आल्या. ठरल्या वेळेत सायकल आत आली नाही तर पुढे पळू देत नाहीत, आणि घड्याळ मला दिसत होतं. उठू की नको? पण उठले. हात झटकले, मुंग्या गेल्या, पुन्हा वाकले. असं तीनदा केलं.

फाटकाशी पोचले तर पंचाने माझा नंबर काढून घेतला. दोन मिनिटं उशीर! मी त्याच्याशी कडकडून भांडले. दोन मिनिटांनी काय आभाळ कोसळणार होतं? तो ढिम्म. रागाने मला रडू फुटलं, आणि खरं सांगायचं तर त्या दोन मिनिटांचा राग मला आजही आहे.

कठड्याशी टेलर उभे होते. शर्यत बघायला ते आयुष्यात पहिल्यांदा आले होते. वेळ विचारली नाही, सांत्वन केलं नाही. म्हणाले, "हात द्या." मी दोन्ही हात पुढे केले. ते आपल्या उजव्या हाताने माझं एकेक बोट दाबत गेले. "हे? हे कळतंय?" आपला दाब किती पडतोय हे त्यांच्या बोटांना कळत नव्हतं, म्हणून दर वेळी ते माझ्या तोंडाकडे बघत होते. खोटं बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं, आणि बोलावं लागलंही नाही. मी दहा वेळा 'हो' म्हटलं.