अकराव्या स्लॅबची तारीख

"तारीख यांनी दिली होती, यांनाच विचारा," आमचे प्रोजेक्ट हेड, सर, म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. साइट ऑफिसात चाळीसेक मेंबर बसलेले. हॉलिडे होममधला वर्षातला एकेक आठवडा विकत घेतलेली माणसं. मढच्या समुद्रासमोर याच दिवाळीत राहायला मिळणार, असं त्यांना सांगितलेलं. आणि इमारत अजून अकराव्या मजल्यावर.

मग सर हसून म्हणाले, "कोट्यातून आल्यात हो या. आम्हीच सांभाळून घेतो." लोकही हसले. मी वेळापत्रक हातात धरून उभी. त्यात दिवाळी कुठेच नव्हती. पुढचा पावसाळा संपल्यावर, असं मी लिहून दिलं होतं. दिवाळी सरांनी स्वतःच्या तोंडाने सांगितली होती.

दुसरं कुणी असतं तर मी तिथल्या तिथे ऐकवलं असतं. पण हे सर. पार्ल्याचे. इंजिनीअर म्हणून पहिली नोकरी यांनीच दिली. घाटकोपरला आमच्या घरी, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून आईच्या हातची भाकरी मागून खाल्ली. "हेल्मेटवर आडनाव कशाला लावतेस, नुसतं नाव पुरे ना," हेही त्यांनीच सांगितलं. मला वाटलं, माझ्या भल्याचं बोलतायत. मूर्ख मी. चार वर्षं अर्ध्या नावाने फिरले.

एक गोष्ट मात्र त्यांनी नीट शिकवली होती. स्लॅब भरला की त्या दिवसाची तारीख खालच्या खांबावर ऑइल पेंटने लिहायची. तिथून स्लॅब पक्का व्हायचे चौदा दिवस मोजायचे, मगच खालचे टेकू काढायचे. "कागद कुणीही बदलतो, म्हणून खांबावर," असं म्हणायचे.

मेंबर गेल्यावर सर मला वर घेऊन गेले, अकराव्या स्लॅबखाली. पेंटचा डबा तिथे आधीच आणून ठेवलेला.

"ही तारीख सात दिवस मागची कर. उद्या टेकू काढू, तेवढाच वेळ भरून निघेल. आणि मघाचं मनावर घेऊ नकोस गं. मेंबरांसमोर बोलावं लागतं."

पलीकडे दोन बायका खांबांना पाणी मारत होत्या. उद्याही त्या इथेच असणार, कच्च्या स्लॅबखाली. आणि तो खाली आला तर टेकू काढायच्या कागदावर सही कुणाची? माझी. कोट्यातलीची. मघाचं हसणं उगाच नव्हतं तर. सगळं माझ्यावर ढकलायची तयारी होती ती.

"नाही करणार," मी म्हणाले.

"विचार कर. नोकरी आहे."

"केला."

ब्रश उचलला. तारखेला हात लावला नाही. तिच्याखाली माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, ठळक. फोटो काढून सरांच्या देखत सगळ्या इंजिनीअर-मुकादमांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, चौदा दिवस भरेपर्यंत कुणीही टेकूला हात लावायचा नाही.

आज अजून सहा दिवस बाकी आहेत. सर माझ्याशी बोलत नाहीत. मी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी त्या खांबापाशी जाऊन उभी राहते. उद्या गेटवर अडवलं तर गेटवर बसेन, पोलिसांना बोलावेन. टेकू निघणार नाहीत.