भावजींचं मॉडेल

माझ्या धाकट्या बहिणीची सोयरीक माझ्या दिराशी ठरत आलती. भावजी इंजिनिअरिंग शिकत होते. एकदा फोनवर कुणाला तरी म्हणाले, "मॉडेल लई नाचवतंय, काय केल्या हाताला लागंना." मी सातवी शिकलेली. मला मॉडेल म्हंजे टीव्हीवरची बाईच ठावी! लेकरू काखेत मारून धापा टाकत सासूबाईंकडं पळालो. "आत्ती, भावजींनी बाई ठेवलीया!"

भावजींनी ते ऐकलं आन् हसून लोळायचेच राहिले. "चला वैनी, दावतो तुम्हाला ती बाई." मला उसाच्या पाटावर नेलं आन् पाण्यात मूठभर भुसा टाकला. मधलं पाणी पळत होतं, कडंचं रेंगाळत होतं. दोन्ही घासत होती तिथं भुसा गरगरा फिराय लागला.

"ह्ये भोवरे गणितात मांडायचं, त्याला मॉडेल म्हणत्यात. मधी तुमच्यासारखं पळणारं, कडंला दादासारखं सुस्त. भांडण हुणारच की!"

"मग बहिणीला काय सांगू?"

"सवत हाय म्हणावं, पण निस्ती पाण्याची."

बहीण हसली आन् व्हय म्हणाली. आता भावजी कागदात डोकं घालून बसले, की तीच वरडती, "बसली बघा सवत मांडीवर!"