तीन इकडे, तीन तिकडे

संस्थेत त्याला सगळे 'नकाशे' म्हणत. पाठीमागे, कारण समोर बोलायला तो कुणाला सवडच देत नसे. संगणकांचं जाळं आखणं हे त्याचं काम. उरलेल्या मनुष्यजातीचे त्याने दोन भाग पाडले होते: ज्यांना यातलं कळत नाही ते, आणि कळतं असा ज्यांना भ्रम आहे ते. हाताखाली काम करणारा सख्खा मेहुणा दुसऱ्या भागात.

विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली होती आणि ती आपल्याच मापाची आहे, याबद्दल नकाशेला तिळमात्र शंका नव्हती. अट एकच होती. अनेक संगणकांनी मिळून एकच संगणक असल्यासारखं चालायचं, एखादा धागा तुटला तरी काम अडायचं नाही, असं जाळं संचालक मंडळापुढे चालवून दाखवायचं. त्याने समोरासमोरच्या दोन इमारतींत तीन-तीन संगणक मांडले. आराखडा इतका देखणा झाला की त्याने तो चौकट करून टेबलामागे टांगला.

"दाजी, सात करा," मेहुणा म्हणाला. "मधली केबल गेली की तीन इकडे, तीन तिकडे. निम्म्याहून जास्त सोबती दिसल्याशिवाय ही मशीनं कामच करत नाहीत."

"सातवं कुठे ठेवू, तुझ्या डोक्यावर? चित्राचा तोल जातो. आणि केबल जाईलच कशाला? चांगली मनगटाएवढी टाकलीय."

मेहुणा गप्प बसला. खुर्चीसाठी दुसरं नाव त्याचंच होतं, त्यामुळे हे मौन त्याला जड गेलं नाही.

चाचणीच्या दिवशी अध्यक्षबाई उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी मधली केबल उपटली. सहाही पडदे थिजले.

"काय बिघडलं?"

"काहीच नाही, मॅडम," नकाशे म्हणाला. "सहाही ठणठणीत आहेत. फक्त बहुमत कुणाचं, ते कुणालाच ठरवता येत नाहीये."

"म्हणजे सगळे धडधाकट आणि काम शून्य! त्यासाठी मशीनं कशाला हवीत? आमचं मंडळ आहे की."

हशा पिकला. नकाशेने आधारासाठी मेहुण्याकडे पाहिलं. कडक इस्त्रीच्या शर्टातला मेहुणा सात संगणकांचा आराखडा पुढे सरकवत होता. "दाजींचंच मार्गदर्शन," असं म्हणण्याचं औदार्यही त्याने दाखवलं. खुर्ची मिळाली.

नव्या साहेबांनी नकाशेला सातव्या संगणकासाठी तिसऱ्या इमारतीत नवी केबल टाकून घ्यायला पाठवलं. तिथल्या शिपायाला तो तासभर समजावत होता, "आपोआप तुटली असती तर गोष्ट वेगळी. बाईंनी मुद्दाम उपटली. हे नियमाला धरून नाही."