मेडशीत नव्या गिअरची पूजा

पुण्याहून विदर्भात मेडशीला निघताना माझा मुलगा समीर पार्किंगमध्ये हाताची घडी घालून उभा होता. आमचं ठरलं होतं. गाडी स्वतःच्या चाकांवर परत आली तर ती माझी. ट्रकवर चढून आली तर विकायची, आणि यापुढे मी गाडी चालवायचं नाव काढायचं नाही. मी तोंड वर करून हो म्हटलं होतं.

गाडी जुनी, पण दणकट इंजिनाची ऑटोमॅटिक. कधी काळी रस्त्यावर माना वळवायला लावणारी. बाथरूममध्ये पडून माझं डावं मनगट मोडलं आणि अंगठ्यातली ताकद गेली. जुन्या गिअरच्या दांडीचं बटण अंगठ्यानेच दाबावं लागे. सिग्नलला मी दोन्ही हातांनी झटापट करायचे आणि मागचे लोक हॉर्न वाजवायचे. शेवटी ओळखीच्या मेकॅनिकने ती अख्खी दांडी काढून नवी, आखूड बसवली. हिला खाली खटका आहे. दोन बोटांनी उचलला की दांडी लोण्यातून सुरी फिरावी तशी सरकते. खाचेवरचं रबरी आवरण तेवढं मागाहून यायचं होतं. तेवढ्यासाठी थांबायला मला धीर नव्हता.

जालन्याला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी मेहकर ओलांडलं आणि वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावकडे जाताना दोन्ही बाजूंना सोयाबीनची सोंगणी (कापणी) दिसू लागली. तूर हिरवीगार उभी, हवेत भुसा. एका वळणापुढे एसटी मागे टाकायची होती. बोटाने दांडी हलवून गिअर उतरवला, गाडी गुरगुरून पुढे झेपावली आणि मी एकटीच मोठ्याने हसले. फार दिवसांनी असं हसले.

मेडशीला माझी मावसबहीण नंदा राहते. तिच्याकडे रात्री वरण, वांग्याची भाजी आणि रोडगे (गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे) होते. तूप वाढताना तिचा हात थांबेना आणि मीही नको म्हणायचं विसरले. सकाळी तिला आणि तिचे यजमान दादाराव यांना घेऊन पोहरादेवीच्या दर्शनाला जायचं ठरलं.

निघायच्या वेळी नंदा आरतीचं ताट घेऊन आली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मग बॉनेटला कुंकू लावता लावता तिने विचारलं, नवीन नेमकं काय बसवलं? मी कौतुकाने दार उघडून दाखवलं.

"गेअर नवा हाय, तं पूजा गेअरचीच व्हाले पाह्यजे," ती म्हणाली, आणि आत वाकून तिने दांडीला पूजेचा लाल नाडा बांधला, हळद-कुंकू लावलं, वर मूठभर अक्षता टाकल्या.

आम्ही बसलो. इंजिन सुरू केलं, ब्रेक दाबला, खटका ओढला. तो हललाच नाही. पुन्हा ओढला, दुसऱ्या हाताने ओढला. गाडी ‘पार्क’च्या गिअरमध्येच अडकून बसली. अंगणात शेजारीपाजारी जमले. कोणी ढकलायला पुढे झालं, पण अशा अवस्थेत हिची चाकं सुटत नाहीत. दादाराव म्हणाले, "ताई, गाडी रुसली काय वो?" मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, जोर अजिबात लावू नका, नवं आहे, तुटेल. सरळ ट्रकवर घालून पाठवा.

ट्रक! नेमका तोच शब्द. तेवढ्यात समीरचा फोन आला. मी उचलला नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. हे मनगट मोडल्यापासून घरात सगळे मला जपत होते, आणि ते जपणं मला आता नकोसं झालं होतं.

नंदा दारातून वाकून दांडीकडे टक लावून पाहत होती. "सुमे, मी टाकलेले तांदूळ तं नाही ना अडकले?"

मी टॉर्च धरला. उघड्या खाचेत, खटक्याच्या पिनेखाली, कुंकवाने लाल झालेले दाणे घट्ट बसले होते.

"सर बाजूले," ती म्हणाली. अंबाड्यातला आकडा काढून तिने एकेक दाणा टोकरून वर आणला. शेवटचे तिने सायकलचा पंप मागवून हवेने उडवले. मी खटका ओढला. टक् झालं आणि दांडी सरकली. नंदाने कपाळावर हात मारून घेतला आणि मी तिच्या गळ्यात पडले.

पोहरादेवीला यात्रेची गर्दी नव्हती. आरशांच्या ओढण्या घेतलेल्या काही बंजारा बाया झाडाखाली बसल्या होत्या. देवीपुढे नंदाने मागणं मागितलं. मी नुसते हात जोडले, कारण माझं काम अंगणातच झालं होतं. परतताना दादारावांना मागच्या सीटवर गाढ झोप लागली. गाडी चालवणाऱ्याला याहून मोठी पावती कुठली?

दोन दिवसांनी पुण्यात पार्किंगमध्ये गाडी लावली. समीर खाली आला, गाडीभोवती एक फेरी मारली. तांदळाची गोष्ट मीच त्याला सांगून टाकली. लपवली असती तर प्रवास अर्धाच झाला असता. तो पोट धरून हसला. मला वाटलं, आता ट्रकवरून काहीतरी ऐकावं लागणार.

तो म्हणाला, "आई, शनिवारी पहाटेची गाडी आहे माझी. स्टेशनला सोडशील?"

हात मोडल्यापासून घरात कोणी मला काही काम सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "वेळेवर खाली ये. मी थांबणार नाही."